गासहून हायवेला, करंडीभर पानं घेऊन

“मांडी आवळून बस,” जगू पुढून म्हणाला. “पानं हलतायत.”

मी मांडी आवळली. करंडी माझ्या मांडीवर होती. तिच्यावर केळीचं पान, केळीच्या पानावर ओलं फडकं. फडक्याचं पाणी पँटमधून गुडघ्यावर उतरत होतं. स्कूटर माझी होती, पण चालवत जगू होता, कारण गास ते सोपारा हा रस्ता त्याला खड्ड्यांसकट पाठ आहे. चर्चची मिस्सा नुकतीच सुटली होती आणि माणसं रस्ताभर पसरून बोलत उभी होती. जगूने हॉर्न वाजवला नाही. पाय टेकत टेकत तो त्यांच्यातून वाट काढत गेला.

“काय रे, रविवारचं पान घेऊन कुठे?” एकाने विचारलं.

“हायवेला,” जगू म्हणाला. “खायचं पान नाय हे.” मग थोडं पुढे गेल्यावर माझ्याकडे मान वळवून, “म्हणजे खायचंच आहे.”

आम्ही कोरियन हॉटेलात जेवायला चाललो होतो. वसईत असं हॉटेल आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, म्हणून आधी पत्ता सांगतो. गोखिवऱ्यावरून सातिवलीमार्गे हायवेला लागायच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला, फरशांच्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरचा मजला. खालून पाटी दिसत नाही. जिना मागच्या बाजूने आहे. आजूबाजूच्या कारखान्यांत मशिनं बसवायला कोरियाहून माणसं येतात, महिना-दोन महिने राहतात, त्यांच्यासाठी एका कोरियन बाईने हे सुरू केलं. सगळे तिला किमबाई म्हणतात. ताटात शिजवून आणत नाहीत. टेबलातच शेगडी असते आणि मांस आपल्यासमोर भाजलं जातं.

पण आम्ही फक्त जेवायला चाललो नव्हतो.

जगू माझा कॉलेजातला मित्र. त्याचं घर गासचं, पिढ्यान्‌पिढ्या पानवेलीची वाडी. दोन वर्षांपूर्वी वेल बुंध्यापासून काळे पडू लागले आणि एका पावसाळ्यात मांडवच्या मांडव बसले. त्यानंतर लावलेलेही गेले. मी गोखिवऱ्याला प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्याकडे मशीन बसवायला आलेला कोरियन फिटर माझ्या टेबलाशी डबा खायचा. त्याच्या डब्यात एक पान असायचं, हृदयाच्या आकाराचं, कडा करवतीसारख्या. वास तुळशीच्या जवळचा, पण तुळस नव्हे. त्याच पानात भात आणि मांस गुंडाळून तो खायचा. किमबाई हे पान विमानाने मागवते आणि येईपर्यंत अर्धं पिवळं पडतं, असं त्याने सांगितलं. जाताना कागदाच्या पुडीत चिमूटभर बी दिलं आणि मोबाइलवर आपल्या आईच्या शेतातल्या पानांचा फोटो दाखवला.

ते बी मी जगूला नेऊन दिलं. माझा सहभाग एवढाच. बाकी सगळं त्याने केलं. मेलेल्या वेलांच्या मांडवाखाली वाफे केले, दोनदा बी कुजलं, तिसऱ्यांदा उगवलं. गणपती झाले तेव्हा झाडं कमरेएवढी होती. किमबाईने निरोप पाठवला की रविवारी घेऊन या आणि जेवूनच जा.

तोपर्यंत दुसरीही एक गोष्ट झाली होती. जगूच्या सांगण्यावरून मी साहेबांकडे त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. पॅकिंगला माणूस हवा होता. साहेब म्हणाले, तुझ्या शब्दावर घेतो. सोमवारी सकाळी आठला, दोन फोटो आणि शाळेचा दाखला घेऊन. जगू हो म्हणाला होता. किमबाईने पान घेतलं तर वाडी, नाही तर कंपनी. त्याच्याजवळ रविवारचा एक दिवस होता.

रस्त्याबद्दल सांगायचं तर सोपाऱ्यापर्यंत अरुंद आहे पण सावली आहे. दोन्हीकडे केळी, मध्येच मोगऱ्याचे तुकडे. सोपाऱ्यानंतर सावली संपते. तिथून खाली वसईकडे यायचं, पूल चढून पूर्वेला उतरायचं आणि गोखिवऱ्याचा रस्ता धरायचा. पूर्वेकडचा रस्ता कारखान्यांच्या ट्रकांनी उखडलेला आहे आणि पावसानंतर अजून बुजवलेला नाही. माझ्या स्कूटरच्या काट्यावर सगळं मिळून सतरा किलोमीटर. आम्हाला सव्वा तास लागला, कारण प्रत्येक खड्ड्याआधी जगू जवळजवळ थांबत होता. मागून रिक्षावाले बोलत होते. तो ऐकत नव्हता. पुलावर चढताना त्याने विचारलं, “फडकं ओलं आहे का?” उतरताना पुन्हा विचारलं.

गोखिवऱ्याला माझ्या इमारतीखाली थांबलो. मागच्या चाकात हवा कमी होती. जगू स्कूटर ढकलत पलीकडच्या दुकानात गेला आणि मी करंडी घेऊन नळाशी बसलो. फडकं भिजवण्यासाठी केळीचं पान बाजूला केलं.

पानं नीट लावलेली होती. एकावर एक, वर्तुळात, विड्याची पानं लावतात तशी. हिरवी, खालून जांभळी. आणि एकालाही देठ नव्हता. शेंडाही खुडलेला होता. शेदोनशे पानं असतील, प्रत्येकाचा देठ नखाने काढलेला.

हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. जगूच्या आईच्या हातचा विडा मी कितीदा खाल्ला आहे. बाजारात जाणारं पान देठासकट जातं. देवापुढे ठेवतात तेही देठासकट. पण माणसाला खायला द्यायचं पान देठ आणि शेंडा खुडूनच द्यायचं, नाही तर तो पाहुण्याचा अपमान. ही पानं बाजारात जाणार नव्हती, थेट कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर जाणार होती. म्हणून तिने सकाळी बसून एकेक खुडलं होतं.

मला फिटरच्या मोबाइलवरचा फोटो आठवला. त्यात पानांच्या जुड्या होत्या, दहा-दहाच्या, आणि प्रत्येक जुडी लांब देठांना दोरा गुंडाळून बांधलेली. तो फोटो जगूने पाहिला नव्हता.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस. परत गासला जायचं, नवी पानं तोडायची, परत यायचं, म्हणजे दोन वाजले असते. हॉटेल तीनला बंद होतं. जमलं असतं. पण मी फडकं भिजवलं, पिळलं आणि पुन्हा झाकलं.

जगू आला. “ठीक आहेत ना?”

“आहेत,” मी म्हणालो.

कदाचित देठाचं काही नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणखी एक गोष्ट होती, ती तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. पान नाकारलं गेलं असतं तर जगू सोमवारी आठला गेटवर आला असता आणि साहेबांपुढे माझा शब्द राहिला असता.

तिथून पुढे सातिवलीपर्यंत मी फडक्यावरचा हात काढला नाही.

हॉटेलात बारा टेबलं आहेत. प्रत्येकाच्या मध्ये गोल खड्डा, त्यात निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर लोखंडी जाळी, आणि वर छतातून लोंबणारं पत्र्याचं नळकांडं, धूर ओढून घेणारं. धूर पूर्ण ओढला जात नाही. चांगले कपडे घालून जाऊ नका. लहान मुलं नेणार असाल तर भिंतीकडच्या बाजूला बसवा, कारण टेबलाची कडासुद्धा तापते. शाकाहारी माणसाला दगडी भांड्यातला भात आणि भाज्या मिळतात, त्या मी खाल्लेल्या नाहीत. मांसाचं ताट दोघांपेक्षा कमी माणसांसाठी देत नाहीत. आमचे दोघांचे मिळून सहाशे ऐंशी झाले. दोघांनी जावं, पण पोटभर वेळ काढून.

किमबाई दाराशी उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, अंगात फुलाफुलांचा एप्रन. जगूने करंडी पुढे केली. तिने करंडीकडे पाहिलं, मग जगूकडे आणि हिंदीत म्हणाली, “पहले खाना.”

“आधी बघून घ्या,” जगू मराठीतच म्हणाला.

“पहले खाना,” ती पुन्हा म्हणाली आणि आत गेली.

वाढायला फिलोमेना नावाच्या बाई होत्या. त्या इथल्याच, गिरिजला राहणाऱ्या. चार वर्षं किमबाईबरोबर काम करून दोघींची एक वेगळीच हिंदी तयार झाली आहे, ती तिसऱ्याला कळत नाही. त्यांनी टेबल दाखवलं, निखारे आणून ओतले आणि जगूला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“गासचा तू? कुनाचा?”

त्याने सांगितलं.

“म्हंजे आमच्याच पान्याचा. बस. पानी साधं देऊ का थंड?”

जगूने करंडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. निखाऱ्यांची धग लागताच तिथून उचलून खाली ठेवली. मग पायाने आणखी लांब सरकवली. मग दुसऱ्या टेबलावरचे दोघे कोरियन उठून जाताना तिला पाय लावतील म्हणून पुन्हा जवळ ओढली. जेवणभर त्याचं हेच चाललं होतं.

आधी लहान लहान वाट्या आल्या, दहाएक. कोबीचं लाल लोणचं, काकडी, मोड आलेलं कडधान्य, पालकासारखी भाजी, आणि एका वाटीत बारीक सुकी मासळी, गोडसर तिखट. या वाट्या संपल्या की पुन्हा भरून मिळतात, वेगळे पैसे नाहीत. जगूने मासळी चाखली आणि थांबला.

“ही आपली आहे.”

“अर्नाळ्याची,” फिलोमेनाबाई म्हणाल्या. “दर पंधरवड्याला मी आन्ते. पयले ती तिकडून मागवायची. मी बोलले, बाय, आमच्याकडे अंगनात सुकते ती.”

जगूने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. मी काकडी खाल्ली.

मग मांस आलं. लांब पट्ट्या, चरबीचे पांढरे थर असलेल्या.

“हे कशाचं?” जगूने विचारलं.

“डुकराचं. पोटाकडचं. चालत नसेल तर चिकन आन्ते.”

जगू पट्ट्यांकडे पाहत राहिला. फिलोमेनाबाई हसल्या. “आमच्या लग्नात सोरपोतेल खाल्लं नाय कधी? खरं सांग.”

“खाल्लंय,” जगू म्हणाला. “आयला माहीत नाही.”

“आयला मी नाय सांगत.”

पट्ट्या जाळीवर टाकल्या की चरबी निखाऱ्यांवर ठिबकते आणि जाळ उठतो. फिलोमेनाबाईंनी शिंप्याकडे असते तशी मोठी कात्री काढली आणि भाजत असतानाच मांसाचे तुकडे केले. जेवणाच्या टेबलावर कात्री मी पहिल्यांदाच पाहिली. मग पानं आली, विमानाने आलेली नव्हेत, साध्या सॅलडची. तळहातावर पान घ्यायचं, त्यात भात, मांस, लसणाची चकती, मिरची आणि सोयाबीनची जाड चटणी ठेवायची, गुंडाळायचं आणि एका घासात खायचं. दोन घास करायचे नाहीत. जगूने ते विड्यासारखं त्रिकोणी दुमडलं आणि लवंग शोधू लागला.

“खिळा नाही मिळणार इथे,” मी म्हणालो.

“हात सोडला की उघडतंय.”

“म्हणून तर लगेच खायचं.”

त्याने खाल्लं. गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं, मिरचीचं. पण तो चावत असतानाही खाली करंडीकडे पाहत होता. मांस उत्तम होतं. एवढंच मला त्या जेवणाबद्दल खात्रीने सांगता येतं, कारण माझंही लक्ष जेवणात नव्हतं. स्वयंपाकघराचं दार हललं की मी घास थांबवत होतो.

शेजारचं टेबल रिकामं झाल्यावर किमबाई आली. तिने एप्रनला हात पुसले, खुर्ची ओढली आणि करंडी मागितली. जगूने दोन्ही हातांनी दिली. तिने फडकं काढलं, केळीचं पान काढलं आणि वरचं एक पान उचलायला बोटं नेली. बोटं देठाच्या जागी गेली आणि तिथे काहीच नव्हतं. तिने पान उलटं केलं. दुसरं उचललं. करंडीच्या तळातलं एक काढलं. मग जगूकडे पाहिलं, रागाने नव्हे, काही हरवलेलं शोधताना पाहतात तसं.

ती आत गेली आणि एक पुडकं घेऊन आली. त्यातली पानं मलूल होती, कडा पिवळ्या. पण दहा-दहाच्या जुड्या होत्या, लांब देठ, देठांना पांढरा दोरा. तिने एक जुडी आमच्या पानांशेजारी ठेवली.

जगूने देठ पाहिले. बराच वेळ पाहिले.

“आयनं खुडले,” तो म्हणाला.

फिलोमेनाबाईंनी करंडीत डोकावलं. “अरे देवा. विड्याचं समजून दिलंस होय.” मग त्यांनी किमबाईला समजावलं. मला शब्द कळले नाहीत, पण हात कळले. त्यांनी हवेत एक देठ खुडला, मग मान झुकवून ते न दिसणारं पान समोरच्याला दिलं. किमबाईने दोनदा काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” जगूने विचारलं.

“म्हन्ते, किती पानं असतील. मी बोलले, सगळी एकेक करून. म्हन्ते, किती वेळ लागला असेल.”

“आणि?”

“आनि देठ नसेल तर पान उचलायचं कशानं? ही मिठात घालते, एकावर एक. देठाला धरून सोडवतात. आनि खुडलं तिथून काळं पडते.” त्यांनी एक पान पुढे केलं. खुडलेल्या जागी खरंच काळी रेघ आली होती. सकाळी नव्हती. धग लागली असावी, किंवा माझी मांडी.

जगू म्हणाला, “ठीक आहे.” तो करंडी झाकायला लागला.

किमबाईने त्याचा हात बाजूला केला. तिने आमच्या पानांतलं एक घेतलं आणि काहीही न लावता तोंडात टाकलं. डोळे मिटून चावलं. फार वेळ चावलं. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. मी जाळीवर जळत चाललेल्या तुकड्याकडे पाहत राहिलो. तो उचलायचं मला सुचलं नाही.

मग तिने दुसरं पान तळहातावर घेतलं. भात ठेवला, मांस ठेवलं, चटणी लावली, गुंडाळलं आणि हात लांब करून जगूच्या तोंडासमोर धरलं.

जगू मागे सरकला. चौतीस वर्षांचा माणूस. त्याला भरवणारी आजवर फक्त त्याची आई. त्याने फिलोमेनाबाईंकडे पाहिलं.

“घे ना,” त्या म्हणाल्या. “तिच्यात असंच करतात. नाय घेतलं तर वाईट दिसतं.”

त्याने तोंड उघडलं. तिने घास आत ठेवला आणि त्याने चावून गिळेपर्यंत समोर बसून राहिली. मग बोलली, थोडंच.

“उद्या सकाळी आन म्हन्ते,” फिलोमेनाबाई म्हणाल्या. “देठासकट. दहा-दहाची जुडी. आठच्या आत, मिठाचं काम तेव्हा करते ती.”

“किती आणू?”

“आन म्हन्ते.”

“आणि रोजचं?”

“रोजचं काय नाय बोलली. जे बोलली नाय ते मी कसं सांगू?”

आपल्याला आठ वाजता दुसरीकडे जायचं आहे हे जगूने तिला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

परतताना मी स्कूटर चालवली. रिकामी करंडी जगूच्या मांडीवर होती, कारण पानं किमबाईने ठेवून घेतली. पैसे द्यायला लागली, ते जगूने घेतले नाहीत. गोखिवऱ्याच्या नाक्यावर ट्रक आडवा लागला होता, म्हणून थांबावं लागलं. तिथे मी सांगितलं.

“देठ नाहीत हे मी सकाळी इथे पाहिलं होतं. फिटरने फोटो दाखवला होता, त्यात देठ होते.”

“मग बोलला का नाहीस?”

“परत जावं लागलं असतं.”

“गेलो असतो,” जगू म्हणाला.

ट्रक हलला. पुलावर तो म्हणाला, “डावीकडून घे, तिथे खड्डा आहे.”

गासला त्याची आई ओट्यावर बसली होती. “आवडली का पानं?” तिने विचारलं.

“आवडली,” जगू म्हणाला. “देठ ठेवायला सांगितलेत.”

“देठासकट पान पावन्याला कोन देते?” ती म्हणाली. “बाजारातलं मांगते ती बाय.” तिला ते पटलेलं नव्हतं. मला चहा दिला. उद्यासाठी दाखल्याची प्रत काढून ठेवली होती, तीही दाखवली. जगू मागे वाडीत गेला होता. मी चहा संपवून त्याला हाक न मारताच निघालो.

घरी बायकोने शर्ट दारातच काढायला लावला. धुराचा वास दोन धुण्यांतही गेला नाही. कुणी विचारलं, तिथे जावं का, तर मी हो म्हणतो. पत्ता सांगतो, जिना मागून आहे हे सांगतो, सुकी मासळी दुसऱ्यांदा मागा असंही सांगतो. पण मला स्वतःला आठवतो तो नळ. मी फडकं पिळतोय आणि जगू रस्ता ओलांडून येताना विचारतोय, ठीक आहेत ना. तेव्हाच परत गेलो असतो तर काय झालं असतं याचा हिशेब लागत नाही. त्याने मला विचारलं होतं आणि मी खोटं उत्तर दिलं होतं, एवढं मात्र पक्कं आहे.

सोमवारी सकाळी पावणेआठला मी कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. आठला भोंगा झाला. सव्वाआठपर्यंत थांबलो. जगू आला नाही, फोनही केला नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की तो येणार नाही, दुसरा माणूस बघा. मग स्टोअर उघडलं.